आधी धाकट्याचं मत

“निर्दोष!” लष्करी कोर्टाचे अध्यक्ष सुभेदार-मेजर घोरपडे म्हणाले आणि बाकीच्या चौघांनी एकामागून एक माना डोलावल्या. आरोपी सुभेदार हैबतराव तावरे यांची तीस वर्षांची नोकरी वाचली. भर परेडीत त्यांनी गोऱ्या कप्तानाला गाढव म्हटलं होतं. पण या पाचही जणांना लष्करी कायदा शिकवला होता तो त्यांनीच. गुरूला कोण बुडवणार?

“हे चालायचं नाही!” हैबतराव ताडकन उठले. “सर्वांत धाकट्यानं आधी मत द्यायचं. वरिष्ठ आधी बोलले, की धाकटे नुसती री ओढतात. कितीदा शिकवलं? मतं पुन्हा घ्या.”

“अहो, सुटलाय तुम्ही,” घोरपडे दबक्या आवाजात म्हणाले. “गुमान घरी जा.”

“असल्या निकालावर? मुळीच नाही.”

नाइलाजानं मतं पुन्हा घेतली. सर्वांत धाकटा होता जमादार कदम. आता कोणाच्या तोंडाकडे बघावं, हे त्याला कळेना. घाम पुसत तो म्हणाला, “सगळे साक्षीदार एकच सांगतात. सुभेदारसाहेब कप्तानाला गाढव म्हणाले. दोनदा. माझं मत, दोषी.”

त्याचं ऐकल्यावर पुढच्यांनाही खोटं बोलवेना. सुभेदारी गेली.

कदम रडवेला झाला होता. हैबतरावांनी त्याची पाठ थोपटली.

“शाब्बास! मत असं द्यावं.” मग ते कारकुनाकडे वळले. “तेवढी नोंद दुरुस्त करा. दोनदा नाही, मी तीनदा म्हणालो होतो.”