बाळंतिणीचा पट्टा

पोटचा लेक चितेवर जाऊन दोन दिवस झाले नव्हते, अन् सून कल्याणी ओठ ताणून हसत होती. हौसाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“लाज वाटत नाही गं?”

कल्याणीनं हसतच मनगटावरचा पट्टा पुढं केला. मातृआधार केंद्रानं तो प्रत्येक बाळंतिणीला बांधला होता. आई दुःखानं खचली असं पट्ट्याला वाटलं, की तो तांबडा होई आणि तान्हं न्यायला गाडी येई. शेजारच्या सरूचं बाळ अजून परतलं नव्हतं.

पट्टा केशरी झाला होता.

तेवढ्यात दाराशी आयाबाया आल्या. विधवेच्या गळ्यात पडून तिला रडवायचं, ही गावाची रीत. हौसाक्कानं आतून कडी घातली.

“हस, भवाने, हस! त्याला रडायला मी आहे. तू त्याचं लेकरू राख.”