राजाची ओळ

पाटीवर सगळं लिहून झालं होतं, फक्त राजा कोण ते सोडून.

मुशेझिबने बोरू कानामागे खोचला आणि पाटीच्या ओल्या मातीवर पुन्हा चार थेंब शिंपडले. बॅबिलोनचं ऊन ते, तासाभरात मातीची वीट करतं. त्याच्या भाचीच्या, कशायाच्या, लग्नाचा करार होता हा. पलंग एक, तांब्याची घंगाळी दोन, दिवा एक, अशा सकाळपासून तेवीस ओळी त्याने रेटल्या होत्या. सातही साक्षीदार कडेला आपापल्या नखांचे ठसे उठवून, खजूर खाऊन घरी गेले होते. आता पाटी मोडून पुन्हा मळायची सोय नव्हती. राहिली होती ती शेवटची ओळ, अमक्या राजाचं तमकं वर्ष. ती नसली तर करार नाही, आणि करार नाही तर लग्न नाही.

"अँटिगोनस लिहा," नवऱ्यामुलाचा बाप लाबाशी म्हणाला. "त्याने कपाळाला पट्टी बांधली. राजा झाला तो. पक्की बातमी आहे."

"आणि गावात सैन्य कुणाचंय? सेल्युकसचं!" कशायाचा बाप शुला उसळला. "तोही बांधतोय पट्टी. आज ना उद्या."

"बांधतोय ना? बांधली तर नाही!"

"म्हणून काय अँटिगोनसचं नाव लिहायचं? उद्या सेल्युकसची माणसं येऊन माझं घर जाळतील."

"आणि परवा अँटिगोनस आला म्हणजे माझं!"

कोपऱ्यात मुशेझिबची म्हातारी आई बसली होती. नातीला ती स्वतःचा पलंग देत होती, म्हणून शेवटचं नख तिचं उठवायचं होतं. "तिकडे मिसरात टॉलेमीनेही बांधली म्हणे पट्टी," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांची डोकी एकदमच कशी रे दुखायला लागली?"

मुशेझिबला हसू आलं नाही. सिकंदर होता तोवर लेखनिकाचं काम कसं सोपं होतं. राजा एक, वर्ष एक. तो ह्याच गावात तापाने गेला आणि त्याच्या ह्या सरदारांनी राज्याची अशी काही ओढाताण मांडली, की मध्यंतरी एका वर्षात मुशेझिबने तीन राजे लिहिले. तिन्ही वेळा कोतवालाने बोलावून कान उपटले. तेही चाललं असतं एक वेळ. पण कशायाचं गेल्या हिवाळ्यातलं स्थळ ह्याच पायी हातचं गेलं होतं. सैन्य येतंय अशी आवई उठली आणि ती मंडळी रातोरात पसार झाली.

दाराआड बांगड्या वाजल्या. "मामा, लिही ना रे कुणाचंही!"

लाबाशी उठून वहाणा शोधू लागला. "होडी खोळंबलीय आमची. बघू पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळलं. मुशेझिबने पाटीला बोट लावून पाहिलं. कडा घट्ट व्हायला लागल्या होत्या. तो धावतच दाराशी गेला. कोपऱ्यावरच्या गुत्त्यातून डेर्दास लंगडत येत होता. मॅसिडोनियाचा म्हातारा शिपाई. सिकंदराबरोबर आला होता, तो इथलाच झाला.

"अहो डेर्दास, तुम्ही त्यांच्यातले. खरं सांगा, सध्या राजा कोण?"

"मला विचारता?" डेर्दासने चौकटीला हात टेकला. "आम्हाला कुठे कोण काय सांगतं! बाप गेला तेव्हा आमच्याकडून त्याच्या पोराच्या नावाने शपथ घेतली. ती अजून कुणी परत मागितलेली नाही."

"सिकंदराचा पोरगा?" लाबाशी एक वहाण घालून थांबला. "अहो, त्याला तर मारलं ना? चार वर्षं झाली."

"मारलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे," डेर्दास म्हणाला. "पण तसं कळवलंय का कुणी?"

खरंच कळवलं नव्हतं. अँटिगोनसने नाही, सेल्युकसनेही नाही. दवंडी पिटायची तर कुणी मारलं तेही सांगावं लागणार, मग कोण पिटतो?

मुशेझिबने कानामागचा बोरू ओढला आणि कुणी काही बोलायच्या आत उठवून टाकलं: राजा सिकंदर, सिकंदराचा मुलगा, वर्ष अकरावं. पहिली काही वर्षं गादी पोराच्या काकाच्या नावावर होती, ती त्याने वगळली.

शुलाने वाकून पाहिलं. "ह्याला सेल्युकस नाही म्हणू शकत नाही."

"अँटिगोनसही नाही," लाबाशीने मान डोलावली आणि वहाण काढली. दाराआडून हसू फुटलं आणि पदराखाली दाबलं गेलं. डेर्दासला न विचारताच कुणीतरी खजुराची परडी दिली.

"आई, नख."

म्हातारीने अंगठ्याचं नख पाटीच्या कडेला टेकवलं, पण दाबलं नाही. "हा पोरगा म्हणजे तोच ना, इथे राजवाड्यात जन्मलेला? बाप गेला त्या उन्हाळ्यात?"

"तोच. दाब लवकर, वाळतंय."

"आपली कशाया त्याच उन्हाळ्यातली." तिने दातओठ खाऊन नख रुतवलं. "मेले सगळे आपापल्या डोक्याला पट्ट्या बांधत बसले. पोराच्या लग्नाचं कुणी बघायचं होतं?"