पुराची रेघ

नदीवर पूल बांधायचा होता, पण तिथं पाणी किती चढतं याची नोंद सरकारदप्तरी कुठंच नव्हती. म्हणून १९५३च्या उन्हाळ्यात ओव्हरसियर गावात आले आणि पारावर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारू लागले, आजवरचा मोठा पूर कुठवर आला होता?

"माझ्या पायरीलाबी लागला न्हाय," आकाराम पाटलानं ठणकावलं. त्या पुरापासून तो हेच सांगत आला होता.

त्याची विधवा भावजय विठाबाई मागं उभी होती. ती चालू लागली, तसे ओव्हरसियर आणि पारावरची माणसं मागोमाग निघाली. पाटलाच्या माडीच्या घरासमोर थांबली, दाराला टेकून उभी राहिली आणि हात गळ्याशी आडवा धरला.

"हितवर."

"खात्री आहे, बाई?"

"दार वाजवत हितंच हुबी हुते की. कडंवरची पोर हितंच हातातनं गेली. भावजी वर माडीवर जागं हुतं."

ओव्हरसियरनी दारावर खूण करायला खिशातून खडू काढला.



"खडू नगो, सायेब. पक्का रंग लावा. भावजींस्नी रोज ह्याच दारानं जायाचं हाय."