नाव न घेता

‘‘मी तिचं नाव घेणार नाही,’’ ऋजुता माइकवर म्हणाली. ‘‘शब्द दिलाय मी तिला.’’

टेंभी नाक्याजवळच्या त्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कंपनीचा कौटुंबिक मेळावा होता. मनाच्या आरोग्यावर बोलायचा मान ऋजुताला मिळाला होता, कारण ऑफिसनं तिलाच ‘मनमित्र’ नेमलं होतं. कुणाला काही सलत असेल तर तिच्यापाशी बोलावं, बाहेर जाणार नाही, असा बोर्डच पॅन्ट्रीत लागला होता. तिसऱ्या रांगेत जुवेरिया आईशेजारी बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, भोळी बिचारी.

‘‘आमची एक मुस्लिम सहकारी आहे,’’ ऋजुता पुढे म्हणाली.

जुवेरियाचे हात थांबले. अख्ख्या ऑफिसात मुसलमान म्हणून ती एकटीच. ईदनंतर शीरखुर्म्यासाठी सगळे तिच्याच टेबलाशी जमायचे. आता नाव घ्यायचं राहिलं काय? माना वळल्या. शेजारी बसलेला ऑफिसातला केदार तेवढा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला, आणि तेच तिला जास्त लागलं.

ऋजुतानं काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. वडील गेल्यापासून ती मुलगी सावरलेली नाही. कधीकधी तिला जगणंच नको वाटतं. रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडते, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. ‘‘त्यांच्या समाजात हे बोलताही येत नाही हो,’’ असं म्हणून ऋजुतानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. पुन्हा टाळ्या.

हे सगळं जुवेरियानं तिला पॅन्ट्रीत सांगितलं होतं. पुढ्यातला चहा तसाच निवून गेला होता. बदल्यात तिनं एकच मागितलं होतं. ‘‘ताई, माझ्या अम्माच्या कानावर जाऊ देऊ नका. अब्बांच्या मागे ती कशीबशी उभी आहे. कोसळेल ती.’’ ऋजुतानं तिचा हात हातात घेतला होता. आणि परवा त्याच तोंडानं म्हणाली होती, ‘‘अम्मांना घेऊन ये हं, नक्की!’’ केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

भाषण संपलं. अम्माकडे बघायचा जुवेरियाला धीर झाला नाही. लपवलं ते हिच्यासाठीच. ही आधीच खचलेली. हल्ली अंघोळसुद्धा अर्ध्या बादलीत उरकायची. विचारलं तर म्हणायची, थंडी वाजते.

ऋजुता हसत हसत खाली आली. जुवेरिया उठून तिच्या आडवी उभी राहिली.

‘‘ताई, शब्द दिलेलात तुम्ही.’’

‘‘अगं, पण मी नाव कुठे घेतलं?’’ ऋजुता खरोखरच गोंधळली होती. ‘‘कुणाला कळलंसुद्धा नाही!’’

अम्मा उठली. तिनं लेकीचं मनगट धरलं आणि तिला बाहेर जिन्यापाशी आणलं. जुवेरियाला आता रडू आवरेना.

‘‘अम्मा, तुला त्रास नको म्हणून गं... तिनं फसवलं मला.’’

‘‘तिचं सोड. ती परकीच होती.’’ अम्मा म्हणाली. ‘‘आपल्या चाळीत पाणी येतं तासभर. रोज रात्री नळ सोडशील एवढं टाकीत उरायचं कसं, कधी मनात आलं तुझ्या? अर्ध्या बादलीत अंघोळ करून मी उरवत होते. म्हटलं, रडू दे पोरीला मोकळं, एक दिवस नळ बंद करून माझ्याकडे येईल.’’

तिनं मनगट सोडलं.

‘‘आणि तू तिच्याकडे गेलीस.’’