वाकड्या सग्वारोपाशी

उजेड आधी डोंगराच्या माथ्यावर आला. तिथे तो बराच वेळ रेंगाळला. खाली उतरावं की नाही, हे त्याचं अजून ठरत नसावं. मग वाकड्या सग्वारो निवडुंगाचा शेंडा उजळला. काट्यांच्या रांगांमधून उजेड सावकाश बुंध्यापर्यंत झिरपला आणि तिथून करड्या खडीवर पसरला, एकेका दगडाला हात लावून पाहिल्यासारखा. सगळ्यात शेवटी तो पलीकडच्या पांढऱ्या ट्रेलरच्या दारात पोचला आणि तिथल्या बुटांवर पडला.

बूट हलले नव्हते.

लाइल हॅस्केटने आपल्या घरगाडीच्या खिडकीचा पडदा सोडला. अंधार असल्यापासून तो त्या उजेडाची वाट पाहत होता. गेले पाच दिवस त्याची प्रत्येक सकाळ अशीच सुरू होत होती.

एवढे मोठे बूट त्याने कधी पाहिले नव्हते. घोट्यापर्यंत चिखल वाळलेला, नाड्या घट्ट बांधलेल्या. शेजारी मनगटाएवढी जाड साखळी आणि कुत्र्याचं लोखंडी भांडं. ट्रेलर आला त्या दिवसापासून त्याने ना तो माणूस पाहिला होता, ना कुत्रा. कुत्रा एकदाही भुंकला नव्हता, आणि न भुंकणाऱ्या कुत्र्याचीच लाइलला जास्त भीती वाटत होती. मधूनच त्या खिडकीचा पडदा बोटभर सरके आणि तसाच राही.

निघून जाणं सोपं होतं. पण बायकोला, आर्लीनला, हीच जागा ठाऊक होती.

पक्का रस्ता सोडून तिसरं वळण, वाकडा सग्वारो. सरकारी मोकळ्या जमिनीवर चौदा दिवस फुकट राहता येई. मग पंचवीस मैल दूर जायचं, आणि दिवस भरले की परत यायचं. सहा वर्षांत लाइलने गाड्या लावायच्या एकाही तळाचं भाडं भरलं नव्हतं, आणि हे तो भेटेल त्याला सांगत असे. इथे फोन लागत नव्हता. आर्लीन यूमा शहरात बहिणीकडे उतरली होती, दोन आठवड्यांसाठी. मांजर नेलं होतं. शिवणाचं मशीनही नेलं होतं. बहिणीकडे फावल्या वेळात उपयोगी पडेल म्हणून. ती इथे यायची आणि जागा रिकामी दिसायची, म्हणून तो हलत नव्हता.

"एकटं दिसू नये रे," ती नेहमी म्हणायची. "दोन खुर्च्या मांडाव्यात. एकट्या माणसाला कुणीही हेरतं."

म्हणून तो रोज दोन खुर्च्या मांडी आणि दुसरीवरची धूळ फडक्याने झटकून काढी. त्या दिवशी त्याने कुऱ्हाडही बाहेर आणली. लागत नसलेली लाकडं तासभर फोडली, दणादण, पलीकडे ऐकू जावीत अशी. मग कुऱ्हाड मांडीवर ठेवून तो ट्रेलरकडे तोंड करून बसला.

"कॉफी घेतेस ना?" तो शेजारच्या खुर्चीकडे वळून मोठ्याने म्हणाला. "घाबरू नकोस. मी आहे. कुणी आलंच, तर बघतो त्याच्याकडे."

पलीकडचा पडदा हलला. लाइलने कुऱ्हाडीचा दांडा अधिकच आवळला. ऊन कलेपर्यंत तो तिथून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता इंजिनाच्या आवाजाने तो दचकून उठला. कुऱ्हाड उचलून तो दाराला पाठ लावून उभा राहिला. आता येईल. खडी करकरली, आवाज जवळ आला, मग दूर गेला. बाहेर पाहण्याचा धीर त्याला ऊन खिडकीत आल्यावरच झाला.

ट्रेलर नव्हता. बूट मात्र तिथेच होते.

थोड्या वेळाने रेंजर इबारा आपली हिरवी जीप घेऊन आली. या पट्ट्याची गस्त तिच्याकडे होती.

"काय हॅस्केट, अजून फुकटच का?"

"जमीन सरकारची, सरकार माझं," तो म्हणाला. "तो पलीकडचा माणूस गेला वाटतं?"

"माणूस?" ती हसली. बूट उचलून तिने जीपमध्ये टाकले. "अहो, हे जुन्या बाजारातले आहेत. कुत्राबित्रा काही नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई आहेत, उंचीला माझ्या खांद्याइतक्या. एकट्या हिंडतात, म्हणून दारात हा थाट."

लाइलला एकदम इतकं हलकं वाटलं की तोही हसला. "आणि मी इथे पाच दिवस जीव मुठीत धरून! मग गेल्या कशाला?"

इबाराचं हसू थांबलं.

"रागावू नका हं. उजाडताच चौकीवर आल्या होत्या. बूट उचलायलाही थांबल्या नव्हत्या. म्हणाल्या, समोरचा माणूस दिवसभर कुऱ्हाड मांडीवर घेऊन माझ्या दाराकडे बघत बसतो. आणि रिकाम्या खुर्चीशी बोलतो."

ऊन आता दोन्ही खुर्च्यांवर सारखंच पडलं होतं.

"ती खुर्ची कुणाची आहे, हॅस्केट?"

"बायकोची. यूमाहून येतेय. एकदोन दिवसांत."

"मागच्या हिवाळ्यातही तुम्ही हेच सांगितलं होतंत," ती हळूच म्हणाली.

सहा वर्षांत आर्लीनने एकच गोष्ट मागितली होती: एक हिवाळा तरी पैसे भरून, गरम पाण्याची सोय असलेल्या तळावर. त्याने तेव्हा हसून नकारार्थी मान हलवली होती. आता वाकून त्याने दुसरी खुर्ची मिटली.

आर्लीन येणार नव्हती.