लंगडीतलं लिंबू

विळ्याचं टोक निखाऱ्यात लाल होत आलं होतं. मंगळू भगत फुंकणीनं जाळ फुलवत होता. चिमाजीनं आपल्या चार वर्षांच्या गोजराला मांडीत दाबून धरलं होतं. पोरीच्या उजव्या कानामागं भगतानं राखेची खूण केली होती. डाग तिथंच द्यायचा होता. पोर रडत नव्हती. बाहेरच्या गलक्याकडे कान लावून बसली होती.

बाहेर अंगणात पोरं लंगडी खेळत होती.

"बघा भगत," चिमाजी म्हणाला. "इस्तू समोर हाय, तरी हिचं ध्यान खेळात. हिला काय अक्कल हाय का?"

"एक डाग दिला की जीभ सुटंल. पेठ-सुरगाण्याकडं लय पोरं बोलती केली म्या."

जी पोरं डागानं किंचाळली, ती मंगळूनं बोलती धरली होती.

गोजरा जन्मापासून एक शब्द बोललेली नव्हती. 'आई' नाही, 'पाणी' नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कान तपासले. म्हणाला, ऐकू येतं, धीर धरा. धीर फुकटात सांगितला म्हणून चिमाजीला तो पटला नाही. पटला तो शाळामास्तर. मास्तरच्या अंगात कोट होता. मास्तर म्हणाला, पोरीला उंडारू देऊ नका, खेळून खेळून पोरं मठ्ठ होतात. तेव्हापासून चिमाजी पोरीला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधायचा. गंगापूर रस्त्याकडेला त्याचा झेंडूचा मळा होता. रोपाला ऊन लागतं, वारा लागतो, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक होतं. पोरीला काय लागतं, हे विचारायला तो कोटवाल्याकडे गेला.

चिमाजी फुलांची पाटी घेऊन बाजाराला गेला की गोजराची आई कलाबाई ती पट्टी सोडायची. पोर सुटली की थेट लंगडीच्या चौकात. तिथं राज्य टांगेवाल्या शफीच्या शकीलाचं. शकीलानं तिला कच्चं लिंबू म्हणून खेळात घेतलं होतं. पळायचं, हुलकावणी द्यायची, सगळं करायचं. पण लंगडणारीनं शिवलं तरी बाद व्हायचं नाही. एखादं पोरगं कुरकुरलंच, "ही मेली, हिला बाहेर काढ," तर शकीला कमरेवर हात ठेवून दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर नाचवायची.

"कच्चं लिंबू हाय ती. लिंबू मरत नाय."

कलाबाई फुलं खुडता खुडता बघायची. पोरीला रेघ कळत होती. आत कोण, बाहेर कोण, कळत होतं. लंगडताना शकीलाचा दुसरा पाय जरा टेकला, की सगळ्यांच्या आधी गोजराचं बोट त्या पायाकडे जायचं. कलाबाईनं नवऱ्याला सांगूनही पाहिलं होतं.

"तिला समदं कळतं. एकदा खेळात बघा तिला."

"खेळायला काय अक्कल लागती? कुत्र्याची पिल्लं बी खेळत्यात."

ती पिल्लं खेळता खेळताच शिकार शिकतात. हे कलाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण बोललं तर थोबाडीत बसते, हे तिलाही लहानपणीच शिकवलेलं होतं.

आता मंगळूनं लिंबू घेतलं. गोजराच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं. जमिनीवर ठेवलं आणि टाचेनं चिरडलं.

"हे लिंबू मेलं," तो घुमत म्हणाला. "हिचं मुकेपण मेलं. धरा पोरीला घट्ट."

त्यानं विळा उचलला. कलाबाईनं नवऱ्याचं मनगट धरलं. त्यानं तिला ढकललं. लाल टोक कानाकडे सरकलं.

"लिंबू मरत नाय."

आवाज घोगरा होता. कधी न उघडलेल्या दारासारखा. मंगळूचा हात तिथंच थांबला.

"काय म्हनली?" चिमाजीची पकड ढिली झाली.

गोजरा त्याच्या मांडीतून उठली. एक हात कमरेवर ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट मंगळूच्या नाकासमोर नाचवलं. अडाण्याला समजवावं तसं सावकाश म्हणाली, "लिंबू. मरत. नाय."

सगळ्यात आधी भगत सावरला. "बघा, उतारा लागू पडला. आता डाग दिला की पोथी वाचंल."

कलाबाईनं त्याच्या हातातून विळा काढून घेतला आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवला. चर्र झालं.

"डाग तुमच्या जिभेला द्या भगत. लय चालती."

भगत झोळी आवरून चालू लागला. चिमाजी त्याला थांबवायला उठला नाही. त्यानं धोतराचा सोगा ओला केला आणि पोरीच्या कानामागची राख पुसली. पुन्हा पुसली. खूण कधीच गेली होती, तरी तो पुसतच राहिला.

विळ्याचा आवाज ऐकून अंगणातला खेळ थांबला होता. शकीलानं दारातून डोकं आत घातलं.

"काकी, गोजरा बोलली?"

"बोलली गं बाय," कलाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होती. "तुझंच बोलली."

शकीलानं कपाळाला आठ्या घातल्या. नियम तो नियम.

"मग आता ती लिंबू नाय. आता शिवलं की मरावं लागंल तिला."

चिमाजी दचकला. मग अंगणातला चौक, त्यातली रेघ, रेघेबाहेर बसलेली मेलेली पोरं, सगळं त्यानं पहिल्यांदाच नीट बघितलं. पोरीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं तिला दाराकडे लोटलं.

"जा."

आणि गोजरा मरायला धावत सुटली.