लुआच्या मुंग्या

श्राद्धाचं जेवण आटोपलं, तांदळाच्या दारूचे पेले फिरले आणि तोआनने विषय काढलाच. म्हणाला, वर्ष झालं, आता बागेचं काय ते ठरवून टाका.

बाग लुआची, म्हणजे वर्षापूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याची. तोआन तिचा धाकटा दीर. हाउ नदीकाठच्या या घराण्यात संत्र्याच्या बागेचा वारस माणसं ठरवत नाहीत, मुंग्या ठरवतात. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या, कडकडून चावणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्या कीड खातात, चोराला पळवून लावतात. मालक गेल्यावर वर्षभर ज्याच्याकडे मुंग्या टिकल्या, बाग त्याची. निघून गेल्या, तर त्याचा हात बागेला लाभत नाही असं समजायचं आणि बाग मालकाच्या भावाला द्यायची.

"बाईमाणसाकडे मुंग्या टिकत नाहीत," तोआन म्हणाला. "मी शेजारीच राहतो. वहिनीच्या बागेत हल्ली मला मुंगी दिसत नाही."

लुआ भांडी आवरत होती. तिने सगळं ऐकलं. वर्षभर तिने मुंग्यांना खायला माशांची आतडी झाडांना टांगली, त्यांना जायला झाडाझाडांमध्ये बांबू बांधले आणि दिराचे टोमणे गिळले. बाग गेली तर तिला माहेरी भावाच्या दारात जाऊन बसावं लागणार होतं. तसं बसायला ती मुळीच तयार नव्हती.

तिने हात पुसले. "इथे बसून कशाला बोलायचं? बागेत चला."

साऊ आजोबा घराण्यात सर्वांत वडील. ते काठी टेकत पुढे निघाले आणि अख्खी पंगत मागे. लुआने त्यांना तोआनच्या कुंपणाला लागून असलेल्या झाडापाशी नेलं. डोक्यावर पानांचं शिवलेलं घरटं लोंबत होतं. तिने खोडावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. तोआन गालातल्या गालात हसत होता. मग सालीच्या फटीतून काहीतरी तांबडं, सडपातळ बाहेर आलं. क्षणभर थबकलं, मान वळवून बघितल्यासारखं केलं आणि लुआच्या बोटांवरून मनगटावर चढलं.

"मुंगी आली," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या काकू-मावश्या मागे सरकल्या. लहानपणी ही मुंगी ज्याला चावते, तो म्हातारपणीही तिच्यापासून लांबूनच जातो.

लुआने हात हलवला नाही. कपाळावर आठीसुद्धा नाही.

साऊ आजोबांनी डोळे बारीक केले. "पोरीची हिंमत बघा. मुंग्या आहेत. बाग हिचीच."

एका मुंगीने बाग होत नाही, असं तोआन पुटपुटला.

"मग तुम्ही ठेवा हात, भाऊजी," लुआ म्हणाली. "का भीती वाटते?"

बायका हसल्या. तोआन पुढे झाला, वरच्या घरट्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, अडखळला. तेवढ्याने हसणं आणखी वाढलं. पुरुषही त्यात सामील झाले. आजोबांना भलताच चेव आला. उद्यापासून लुआच्या मुंग्यांना माशांची आतडी टांगायचं काम तोआनकडे, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. दीर वहिनीच्या मुंग्यांचा नोकर. एका काकूला तर हसता हसता ठसका लागला.

तोआनचा चेहरा लाल झाला. त्याने दोन्ही हातांनी खोडावर धपाधप थापा मारल्या. वरून दोन वाळकी पानं तेवढी पडली.

"बघा, आली का एक तरी?" तो ओरडला. "त्या हातावरच्याकडे नीट बघा. पाय मोजा. कोळी आहे तो, मुंगीचं सोंग घेणारा. मुंग्या येतील कुठून? या बागेतल्या एकेका घरट्यावर मी स्वतः औषध मारून..."

हसणं बंद पडलं. साऊ आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"कोळीच आहे तो, भाऊजी. मला महिन्यापासून ठाऊक आहे," लुआ म्हणाली. "थांबलात का? औषधाचं पुरतं सांगा ना आजोबांना."